एकट्याचा डाव : पेशन्स आणि उतारवयातील बुद्धी
(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे)

एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या डावांविषयी, म्हणजे ज्यांना जुने लोक पेशन्स म्हणतात आणि मोबाइल हाती आल्यापासून बहुतेक जण सॉलिटेअर म्हणतात त्या खेळांविषयी, बरीच पत्रे जमा झाली आहेत. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच असला तरी त्यामागच्या काळज्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून या वेळचे सदर एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ७१ वर्षे आहे. निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी दीड-दोन तास मोबाइलवर सॉलिटेअर खेळते. त्याने मेंदू तल्लख राहतो आणि विसरण्याचा आजार दूर राहतो, असे मी ऐकले आहे. मुलाचे म्हणणे असे की हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. आमच्या दोघांपैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही थोडेथोडे बरोबर आहे, आणि घरात भांडण नको म्हणून मी हे म्हणत नाही. ‘मेंदू तल्लख राहणे’ हे दिसायला एक वाटते, पण त्यात अनेक निरनिराळ्या गोष्टी मोडतात. वयानुसार त्या सगळ्या एका वेगाने उतरत नाहीत. शब्दसंग्रह आणि आयुष्यभर जमवलेली माहिती साठीनंतरही पुष्कळ काळ टिकून राहते. विचारांचा वेग, चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवण्याची ताकद आणि चुकीच्या दिशेने निघालेला हात वेळेवर आवरण्याची क्षमता या मात्र आधी मंदावू लागतात. आपण खेळता त्या सात रांगांच्या नेहमीच्या डावाला, ज्याचे नाव क्लोंडाइक आहे, नेमक्या याच शक्ती लागतात. काळ्या दश्शीवर लाल नव्वी बसते हे पाहणे सोपे आहे. पण चौकटची नव्वी हलवायची की बदामची, कोणत्या हलवण्याने कोणता उपडा पत्ता उघडेल, आणि गठ्ठ्यात मघाशी दिसलेली इस्पिकची अठ्ठी पुन्हा कधी वर येईल, हे ठरवताना मनाला खरे श्रम पडतात.

अडचण पुढे आहे. एखादे काम पुन्हा पुन्हा केल्याने माणूस त्या कामात तरबेज होतो, पण ते कौशल्य शेजारच्या कामापर्यंत पोचतेच असे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत त्यांची प्रगती झाली, मात्र त्या खेळांशी मिळत्याजुळत्या, पण सराव न केलेल्या चाचण्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. ते सारे साठीच्या आतले होते, हा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. म्हणून ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांवर अमेरिकेत झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही पाहावा लागतो. त्यात एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे आणि तिसऱ्याला वेगाने पाहून निर्णय घेण्याचे शिक्षण सुमारे दहा बैठकांत दिले गेले. प्रत्येक गट आपापल्या विषयात सुधारला, पण तर्क शिकलेल्यांची स्मरणशक्ती त्यामुळे वाढली नाही. दहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा तर्क आणि वेग यांच्या शिक्षणाचा ठसा बराचसा शिल्लक होता, स्मरणाच्या शिक्षणाचा मात्र पुसला गेला होता.

आपण जे ऐकले आहे त्याला आधार नाही असे नाही. पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांची कित्येक वर्षे पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जे वारंवार वाचन करीत, बैठे खेळ खेळत, वाद्य वाजवीत किंवा नृत्य करीत, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होण्याचा धोका असतो, कारण स्मृतिभ्रंशाची प्रक्रिया निदानाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते आणि त्या काळात माणसाचा डोक्याला ताण देणाऱ्या गोष्टींतील रस आपोआप ओसरतो. खेळामुळे आजार टळला, की आजार येऊ घातला म्हणून खेळ सुटला, हे अशा पाहणीतून उलगडत नाही. ही मर्यादा विसरून जाहिराती केल्या की काय होते त्याचेही उदाहरण आहे : मेंदूचे खेळ विकणाऱ्या एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल २०१६ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेशी झालेल्या तडजोडीत २० लाख डॉलर भरावे लागले.

तेव्हा आपण खेळत राहा, पण औषध म्हणून नव्हे. मला स्वतःला विचाराल तर खेळाचा खरा उपयोग जोवर डाव आपल्याला अडवतो तोवरच असतो. आपण दीड-दोन तास खेळता त्यांपैकी किती वेळ बोट विचार न करता चालते, हे एकदा प्रामाणिकपणे पाहावे. बहुतेक वेळ तसाच जात असेल, तर तेवढ्यापुरते मुलाचे म्हणणे मान्य करावे लागेल.

प्रश्न : कोणता डाव खेळावा? खरे पत्ते बरे की मोबाइल? मला गुलाम आणि राजा यांत गोंधळ होण्याइतके कमी दिसते, तेही लक्षात घ्यावे.

उत्तर : आधी डोळे. गुलाम आणि राजा सारखे दिसू लागले असतील तर खेळ निवडण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी करून घ्या. मोतीबिंदूमुळे वस्तू आणि तिच्यामागची पार्श्वभूमी यांतला फरक फिका होतो आणि मग माणूस विचारात नव्हे, दिसण्यात चुकतो. तोवर मोठ्या आकड्यांचे पत्ते घ्या आणि गडद, एकरंगी कापडावर मांडा. मोबाइलवर खेळायचे असेल तर काही खेळांत चारही रंग वेगळे दाखवण्याची सोय असते, म्हणजे चौकट निळी आणि किलवर हिरवे असे. ती लावून घेतल्यास फार फरक पडतो.

खरे पत्ते की पडदा, या प्रश्नाचे माझे उत्तर काहीसे पक्षपाती आहे. पडद्यावर तुम्ही चुकीचा पत्ता चुकीच्या जागी ठेवायला गेलात तर यंत्र तो मुकाट्याने परत पाठवते. मेजावर मात्र बदामच्या अठ्ठीवर चौकटची सत्ती ठेवली तर कोणी अडवत नाही, आपली चूक आपणच पकडावी लागते. कॅट पिसणे, रांगा सरळ मांडणे, गठ्ठ्यातले पत्ते मोजून उलटणे यांत बोटांनाही काम मिळते. उलट ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांना अंथरुणातच राहावे लागते त्यांना पडदाच सोयीचा. त्यांनी फक्त ‘सूचना’ देणारे बटण आणि पत्ते आपोआप वर चढवण्याची सोय बंद करावी, नाहीतर विचार यंत्र करते आणि आपण फक्त बघतो.

आता डाव. क्लोंडाइकमध्ये सात रांगांत २८ पत्ते मांडले जातात, त्यांपैकी २१ उपडे असतात, आणि २४ पत्ते गठ्ठ्यात राहतात. गठ्ठा एकेक पत्ता उलटून खेळण्यापेक्षा तीन-तीन पत्ते उलटून खेळा. २४ पत्ते तीन-तीनने उलटले की एका फेरीत आठच पत्ते वापरण्याजोगे वर दिसतात, आणि गठ्ठा मध्ये पिसला जात नसल्याने त्यांचा क्रम कायम राहतो. परंतु त्यांतला एक पत्ता तुम्ही उचललात की पुढच्या फेरीत त्यानंतरचे सगळे गट एका पत्त्याने सरकतात आणि आधी झाकलेले पत्ते वर येतात. हे सरकणे मनात धरून ‘आत्ता उचलू की एक फेरी थांबू’ असा विचार करणे ही या खेळातली सर्वांत कसदार मेहनत आहे, आणि एकेक पत्ता उलटणाऱ्यांना ती अनुभवायलाच मिळत नाही. आणखी दोन गोष्टी नवख्यांना उशिरा कळतात. ज्या रांगेत उपडे पत्ते जास्त आहेत तिला आधी हात घालावा. आणि जागेवर बसवायला राजा नसेल तर रांग रिकामी करण्याची घाई करू नये.

नशिबापेक्षा विचारावर ज्यांचा जीव आहे त्यांनी फ्रीसेल शिकावे. त्यात सर्व ५२ पत्ते आठ रांगांत सुरुवातीलाच उताणे मांडलेले असतात, चार रिकाम्या घरांत एकेक पत्ता तात्पुरता ठेवता येतो, आणि लपलेले काहीच नसल्याने डाव फसला तर दोष आपल्याकडेच येतो. पहिला पत्ता हलवण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते पाहत बसावे लागते, आणि माझ्या मते तीच दोन मिनिटे सर्वांत मोलाची. स्पायडरला दोन कॅट म्हणजे १०४ पत्ते आणि दहा रांगा लागतात. तो मेजावर पसरायला जागा खातो, म्हणून पडद्यावर बरा. एकाच रंगाने सुरुवात करावी, मग दोन, आणि हिंमत झाली तर चार. ज्यांना बेरीज आवडते त्यांच्यासाठी पिरॅमिड : सात ओळींत २८ पत्ते आणि तेरा बेरीज होणाऱ्या जोड्या काढायच्या; राणीबरोबर एक्का, गुलामाबरोबर दुर्री, आणि राजा एकटाच जातो.

घड्याळाच्या डावाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. तेरा ठिकाणी चार-चार पत्ते ठेवून, उघडलेला पत्ता सांगेल त्या ठिकाणी जायचे, असा हा डाव मुलांना आणि नातवंडांना रिझवायला छान आहे. परंतु त्यात खेळणाऱ्याने ठरवायचे असे काहीच नसते. तो सुटण्याची शक्यता तेरात एक, मग खेळणारा कितीही हुशार असो. बुद्धीच्या व्यायामासाठी त्याचा काही उपयोग नाही.

आणि एकाच डावाला चिकटून बसू नका. हात सरावला, की डाव किंवा त्याचा नियम बदला. नवा डाव शिकताना पहिल्या आठवड्यात जो वैताग येतो तो सहन करण्यासारखा आहे.

प्रश्न : माझे पती ७८ वर्षांचे आहेत आणि गेली चाळीस वर्षे पेशन्स खेळत आले आहेत. अलीकडे ते लाल पत्त्यावर लाल पत्ता ठेवतात, डाव अर्ध्यावर सोडतात, आणि मी चूक दाखवली तर रागावतात. मी हे वयाचे समजावे का?

उत्तर : नाही. आपण हे लक्षात घेऊन लिहिलेत ते फार चांगले केले. चाळीस वर्षांच्या सवयीचे नियम सुटू लागणे हे नवा फोन न जमण्यासारखे नसते. एखादा शब्द वेळेवर न आठवणे, किल्ली कोठे ठेवली ते विसरणे, विचारांचा वेग मंदावणे हे वयाबरोबर येते. मुरलेली गोष्ट बिघडू लागली तर तिचे कारण शोधले पाहिजे. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी टॅब्लेटवर क्लोंडाइक खेळणाऱ्या वृद्धांच्या चालींची नोंद घेऊन, सौम्य विस्मरण असलेल्यांचा खेळ आणि निरोगी माणसांचा खेळ यांत फरक दिसतो का, याचाच अभ्यास केला आहे. म्हणून आपले निरीक्षण क्षुल्लक नाही. परंतु खेळावरून घरी निदानही करू नये.

कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही बरी होणारी असतात, हे मला ठळकपणे सांगायचे आहे. मोतीबिंदू, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे काम मंदावणे, नैराश्य, अपुरी झोप, आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या या सर्वांमुळे लक्ष आणि स्मरण बिघडते. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना ते घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, औषधाच्या दुकानातून स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांसह, बरोबर न्यावी. खेळाबाहेर काय बदलले आहे तेही लिहून न्या : पैशांचे हिशेब चुकतात का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का, आणि हे सारे केव्हापासून.

दोन प्रसंगी मात्र भेटीची वेळ ठरण्याची वाट पाहू नका. बदल काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक झाला असेल, ते भांबावले असतील किंवा नुकतेच पडून डोक्याला मार लागला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि ते मेजाच्या एकाच बाजूचे, विशेषतः डावीकडचे पत्ते नाहीतच असे वागू लागले, किंवा बोलणे जड झाले, हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो आणि तेव्हा एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे.

तोवर डाव चालू राहू द्या. चूक दाखवू नका, शेजारी बसा. नियम जड जात असतील तर पत्ते फक्त रंगांप्रमाणे वेगळे करणे किंवा एक्क्यापासून राजापर्यंत लावणे हासुद्धा त्यांचा हक्काचा खेळ होऊ शकतो. ते रागावतात त्यामागे बहुतेकदा, आपले काहीतरी निसटते आहे याची जाणीव असते.

प्रश्न : चाल मागे घेणे ही फसवणूक आहे का?

उत्तर : आपण कोणाला फसवणार? समोर तर कोणीच बसलेले नाही. हात घसरला म्हणून चाल मागे घेतली तर काही बिघडत नाही. डाव फसल्यावर दहा चाली मागे जाऊन दुसरी वाट तपासणे ही तर चांगली शिकवणी आहे. उपडा पत्ता उघडून पाहायचा आणि नको असलेला निघाला की मागे यायचे, हे मात्र टाळावे, कारण मग अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : पत्नीच्या निधनानंतर मी एकटा राहतो. सकाळचा चहा झाला की डाव मांडतो, तो पुष्कळदा रात्री उशिरापर्यंत चालतो. मुलांना वाटते की मी मजेत आहे, कारण मी ‘मेंदूचा व्यायाम’ करतो. मलाही तसेच सांगायला बरे वाटते.

उत्तर : आपले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. आपण विचारले काही नाही, पण त्यातच विचारले आहे, असे समजून उत्तर देतो.

पेशन्स हा एकट्याचा खेळ आहे, आणि एकटेपण हा स्मृतिभ्रंशाच्या जोखमींपैकी एक मानला जातो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये अशा १४ बाबी सांगितल्या ज्या बदलता येण्याजोग्या आहेत आणि ज्यांच्याकडे आयुष्यभर लक्ष दिल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अंगमेहनतीचा अभाव, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, नैराश्य आणि माणसांपासून तुटणे ही त्यांतली काही नावे. दिवसभर खुर्चीत बसून एकट्याने खेळलेला डाव यांतल्या एकाही गोष्टीवर उपाय करीत नाही, आणि दोन-तीन गोष्टी तर वाढवतोच. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या सुमारे १,२६० लोकांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवरील देखरेख या चारही गोष्टी एकत्र दिल्या, तेव्हा त्या गटाची बौद्धिक कामगिरी तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारली. त्यांतला एकटा बुद्धीचा सराव वेगळा काढून त्याला सगळे श्रेय देता येत नाही.

दुःखात हाताला चाळा लागतो आणि पत्ते त्यासाठी सोयीचे असतात. ते काढून घ्या असे मी कोणत्याही माणसाला सांगणार नाही. पण झोप लागत नाही म्हणून आपण रात्रीपर्यंत खेळता की खेळामुळे झोप लांबते, जेवण चुकते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींचा कंटाळा आला आहे का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, कारण उतारवयातील नैराश्य उपचारांनी बरे होते आणि ते पुष्कळदा असेच शांत, कोणाला न खटकणारे असते. मुलांनाही खरे काय ते सांगा. एक छोटा बदल मात्र आजच करता येईल : दोन डाव झाले की उठायचे, बाहेर चक्कर मारायची, आणि आठवड्यातून एक-दोनदा कोणाला तरी समोर बसवून दोघांचा किंवा चौघांचा डाव मांडायचा. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखण्याचा व्यायाम पेशन्समध्ये मुळीच नसतो.

प्रश्न : माझा डाव दहात एकदाही सुटत नाही. बुद्धी कमी झाली म्हणायची की नशीब?

उत्तर : दोन्ही नव्हे, बहुधा डावच तसा आहे. क्लोंडाइकमध्ये सर्व उपडे पत्ते आधीच माहीत असते, तर तीन-तीन पत्ते उलटण्याच्या नियमाने शंभरांपैकी सुमारे ८२ डाव सोडवता आले असते, असा संगणकाने काढलेला हिशेब आहे. पण आपल्याला ते माहीत नसतात, म्हणून चांगल्या खेळाडूचेही सुटणारे डाव या आकड्यापेक्षा बरेच कमी असतात. फ्रीसेलची गोष्ट उलटी आहे : मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली असलेल्या संगणकांवर पूर्वी जे ३२,००० क्रमांकित डाव येत, त्यांपैकी फक्त ११९८२ क्रमांकाचा डाव सुटत नाही.

आपल्या या प्रश्नाने एका मोठ्या गणितज्ञालाही छळले होते. स्टानिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून उठत असताना कॅनफिल्ड नावाचा पेशन्सचा डाव खेळत पडून असत. तो सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रांनी काढण्याचा त्यांनी खूप प्रयत्न केला, आणि जमेना तेव्हा त्यांच्या मनात आले की डाव शंभर वेळा मांडून किती वेळा सुटतो ते नुसते मोजले तर? यादृच्छिक प्रयोग पुन्हा पुन्हा करून उत्तराच्या जवळ जाण्याची ‘मॉन्टे कार्लो’ ही पद्धत त्या विचारातून वाढली आणि पुढे अणुभौतिकीपासून अर्थशास्त्रापर्यंत पोचली. आपणही दहा डावांवरून स्वतःला नापास करू नका. एक वही घ्या, तारीख घालून शंभर डावांची नोंद ठेवा, आणि डाव अडला तर कोणत्या पत्त्यापाशी अडला तेही समोर लिहा. शंभर पूर्ण झाले की आकडा मला अवश्य कळवा.